खुर्ची फिरव

धाकट्या दिराने पन्नाशी उलटल्यावर लग्न केलं आणि सगळ्या घराने तोंडात बोटं घातली, ते वर्ष. त्याच वर्षी तोफेला नात झाली, आणि त्याच वर्षी मागांच्या शेडपुढे कान तपासणारी गाडी येऊन उभी राहिली.

तोफ हे तिला शेडमधल्या बायकांनी दिलेलं नाव. रस्त्यात, दुकानात, जिन्यात ती बोलली की वळचणीचे पारवे उडायचे. अठ्ठावीस वर्षं ती कापडाच्या मागांवर होती. चार माग तिच्याकडे, दोन पुढे, दोन पाठीमागे, आणि मधल्या बोळात ती. बाहेरच्या जगात एवढा आवाज असलेली बाई शेडमध्ये मात्र मुकी. दीडशे माग एकदम चालत असताना कानाला तोंड लावून ओरडलं तरी शब्द पोचत नसे. म्हणून तिथल्या बायका ओठांनी बोलत. घशातून आवाज काढायचाच नाही. ओठ मोठे करायचे, जीभ दाखवायची, भुवया उडवायच्या. नवी पोरगी कामाला लागली की महिनाभर गोंधळायची, सहा महिन्यांत शिकायची, आणि वर्षाने तीन बोळांपलीकडची बाई काय म्हणाली ते सांगायची. मॅनेजर फेरी मारायला आला की त्याच्या तोंडासमोर त्याच्या पोटाची चर्चा चाले. तो बिचारा हसून मान डोलावत पुढे जाई.

गाडी आली ती नव्या नियमामुळे. वर्षातून एकदा कामगारांचे कान तपासायचे, कागद फायलीला लावायचा. पहिल्या पाळीच्या चाळीस बायकांना एका दिवसात उरकायचं ठरलं. एकेकीने माग शेजारणीच्या हवाली करायचे, अंगणात यायचं, गाडीत चढायचं.

तोफेचा पहिला नंबर लागला. गाडीत एक खोपट्याएवढी पेटी होती, आतून जाड स्पंज लावलेली, एका बाजूला काच. काचेपलीकडे तपासणारी बाई यंत्रासमोर बसलेली. वय पंचविशीचं, डोळे झोपेला आलेले. आधी तिने कानात नळकांडं घालून बत्तीने आत पाहिलं.

"मळ नाही मावशी. छान आहे."

"कानात कापसाचं पीठ जातं रोज. मळाला जागाच कुठे?" तोफ म्हणाली.

मग तिने तोफेला काचेकडे तोंड करून खुर्चीत बसवलं, डोक्यावर दोन मोठे डबे चढवले, लाल उजव्या कानावर, निळा डाव्यावर, आणि हातात एक बटण दिलं. "बारीक बारीक आवाज येतील. कधी जाड, कधी बारीक. ऐकू आला की दाबायचं. अगदी पुसट आला तरी दाबायचं."

दार बंद झालं. तोफ थेट मागांवरून उठून आली होती. कानात अजून भुंगे होते. पहिला आवाज आला, तो तिने ऐकला. दुसराही ऐकला. तिसऱ्या वेळी काही आलं नाही, पण काचेपलीकडे पोरीचं डावं कोपर जरा उचललं गेलं. तोफेने दाबलं. पुन्हा कोपर, पुन्हा दाबलं. कोपर हललं म्हणजे आवाज सुटला, एवढं कळायला अठ्ठावीस वर्षं मागावर काढलेल्या बाईला दुसरं कोपर लागत नाही. धागा तुटायच्या आधी ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, तो भाग किंचित थरथरतो, तेवढं बघून माग थांबवणारी ती बाई.

मग शब्द झाले. पोरगी माइकपाशी तोंड नेऊन एकेक शब्द म्हणायची, तोफेने तो परत म्हणायचा. ते तर हातचा मळ. पोरीचे ओठ मिटायच्या आत तोफेचं उत्तर तयार.

उतरताना तोफेने शेडच्या दाराकडे पाहिलं. तिथे चिमणी उभी होती. चिमणी म्हणजे तिची समोरच्या बोळातली जोडीदारीण, चणीने एवढीशी, तोंडाने तिखट. तोफेने आवाज न करता ओठ हलवले, "कोपर बघ. डावं."

चिमणीने पुढचीला सांगितलं, पुढचीने तिच्या पुढचीला. यात लबाडी होती असं कुणालाच वाटलं नाही. शेडची रीतच तशी. ज्या बाईला आधी दिसतं तिने बाकीच्यांना सांगायचं. धागा तुटला सांगायचं, साहेब आला सांगायचं, तसंच हेही.

चाळीसच्या चाळीस बायका पास झाल्या. नापास झाला तो एकटा माग दुरुस्त करणारा जॉबर. मन लावून ऐकावं म्हणून तो डोळे मिटून बसला होता.

त्याची आठवडाभर टर उडवली. "बहिरोबा आले, बहिरोबा आले," असं बायका ओठांनी म्हणायच्या आणि तो विचारायचा, "काय?"

तोफेने आपला कागद घरी नेऊन कपाटात साड्यांखाली ठेवला. दोन्ही कान सामान्य. खाली सही, शिक्का.

लेक दोन गल्ल्या सोडून राहत होती. टपाल छाटणीत दुपारपाळी, चार ते आठ. तोफेची पाळी सात ते तीन. नात पाच महिन्यांची झाल्यावर लेकीने कामावर रुजू व्हायचं, आणि त्या चार तासांत पोर आजीकडे राहायची, हे पोर पोटात असल्यापासूनचं ठरलेलं. तोफेने त्यासाठी आतल्या खोलीत खाट टाकली होती, खिडकीला नवा पडदा शिवला होता. आपल्या लेकीला वाढवताना ती पाळ्या करत होती. पोर कधी रांगायला लागली, कधी उभी राहिली, सगळं शेजारणीने सांगितलेलं. ह्या वेळी तसं व्हायचं नव्हतं. दुसरं काही नको होतं तिला, हे चार तास हवे होते.

रुजू व्हायच्या आधी एक दिवस रंगीत तालीम म्हणून लेक पोरीला ठेवून बाजारात गेली. पोर झोपली होती. तोफ स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून वाटाणे सोलत बसली. सोलता सोलता चाळणी भरली, मन कसं निवांत झालं होतं. तेवढ्यात खांद्यावर हात पडला. दचकून तिने मान वळवली तर लेक, घामाने डबडबलेली, काखेत पोर. पोरीचा चेहरा लालबुंद, श्वास हुंदक्यांत अडकलेला. दारात वरच्या मजल्यावरची शेजारीण.

"पंधरा मिनिटं रडतेय ही," लेक म्हणाली. "यांनी दार बडवलं. मला खालच्या रस्त्यावर ऐकू आलं. आणि तू भिंतीपलीकडे बसलीस, वाटाणे सोलत!"

"रडली? मला सांगायचं तरी."

"आई, तुला ऐकू येत नाही."

"मला?" तोफ उठली, कपाट उघडलं, साड्यांखालून कागद काढला आणि लेकीपुढे धरला. "वाच. दोन्ही कान सामान्य. सहीशिक्का आहे. तुझ्या टपालखात्यात असतो तसला नाही, खरा शिक्का आहे."

लेकीने पोर शेजारणीकडे दिली. कागद घेतला, वाचला, आणि आपल्या तोंडासमोर धरला. तोफेला कागद दिसला. कागदाच्या वर लेकीचे डोळे दिसले. कागदाची खालची कड जराशी हलली. पुन्हा हलली. मग तिसऱ्यांदा हलली, आणि शेजारीण पोर काखेत धरून स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला घेऊन आली.

लेकीने कागद खाली घेतला. "मी काय म्हणाले?"

तोफ कागदाकडेच बघत राहिली.

"पाणी दे म्हणाले. तीनदा. तिसऱ्या वेळी ओरडले." पेला हातात होता, पण ती प्यायली नाही. "मी पोर ठेवू शकत नाही तुझ्याकडे. आई, माझ्याकडे अशी बघू नकोस. नाही ठेवू शकत."

संध्याकाळी नवरा घरी आला. जुना घड्याळजी, दुकान विकून टाकलेलं, आता मित्राच्या दुकानात बसून गप्पा मारायचा. तोफेने त्याला सगळं सांगितलं, मधूनमधून लेकीला दोन शिव्या घालत. त्याने चष्मा काढला, पुसला.

"मला चार वर्षांपासून माहीत आहे."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"बोललो की. तू पाठमोरी होतीस."

तोफेने हातातलं फडकं त्याच्या अंगावर फेकलं. मग मोरीत जाऊन नळ सोडला, सोडलेल्या नळाकडे पाठ केली, आणि उभी राहिली. पाणी पडतंय की नाही? मागे वळून पाहिलं तर बादली भरून वाहत होती.

ती रडली नाही. रडण्याआधी राग आला. तो लेकीवर नव्हता, कानांवरही नव्हता. तो त्या कागदावर होता. असली थाप मारणारा कागद तिने आपल्या हाताने कपाटात जपून ठेवला होता.

तपासणाऱ्या पोरीची दवाखान्याची खोली औषधाच्या दुकानावर होती, अरुंद जिन्याने चढून. रविवार सुट्टीचा, सोमवारी तोफेने रजा टाकली आणि सकाळी नऊला जिना चढली.

"मावशी, तुमचा रिपोर्ट झालाय ना? चांगला होता."

"चांगला होता म्हणूनच आले. खोटा आहे."

"खोटा कसा असेल? मी स्वतः तपासलं."

"तू बटण दाबतेस तेव्हा तुझं डावं कोपर उचलतं. आम्ही कोपर बघून दाबत होतो. आणि शब्द तर तुझ्या ओठांवरून वाचले. सगळ्यांनी."

पोरगी बसली होती ती तशीच राहिली. स्वतःच्या कोपराकडे तिने असं पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे.

"सगळ्यांनी म्हणजे?"

"चाळिसांनी. तो एक जॉबर प्रामाणिक निघाला, पण ते काही त्याचं कौतुक नाही, त्याला सुचलं नाही."

"अहो, पण मला सांगायचं नाही का!"

"आम्हाला तरी कुठे माहीत होतं ऐकणं वेगळं आणि बघणं वेगळं? तिथे सगळं एकच असतं." तोफेने कोपऱ्यातल्या, गाडीतल्यासारख्याच पेटीचं दार स्वतःच उघडलं. "खुर्ची फिरव."

"काय?"

"खुर्ची फिरव म्हणते. काचेकडे पाठ करून बसव मला. आणि शब्द म्हणशील तेव्हा तोंडावर काहीतरी धर."

पोरगी क्षणभर घुटमळली. तिच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते तोफेला वाचता येत होतं. चाळीस कागद, कारखान्याचा साहेब, तिची स्वतःची नोकरी. मग ती उठली आणि खुर्ची फिरवली.

"काल कुठे होता? आवाजात?"

"घरी. रविवार होता."

"हे बरं झालं. त्या दिवशी तुम्ही मागांवरून उठून आला होतात. सोळा तास तरी शांततेत गेल्याशिवाय तपासायचंच नसतं. मला घाई केली होती त्यांनी. मी ऐकायला नको होतं त्यांचं."

"आणि आम्ही कोपर बघायला नको होतं. झाली फिटंफाट. चालू कर."

ह्या वेळी तोफेसमोर नुसती भिंत होती. भुऱ्या स्पंजचे उंचवटे, बाकी काही नाही. जाड आवाज आला, लांबून कुणी बाटलीच्या तोंडात फुंकर मारावी तसा. दाबलं. त्याहून पुसट आला. दाबलं. त्याहून पुसट, कदाचित. दाबलं. मग शांतता सुरू झाली.

शेडमध्ये शांतता नसते आणि घरात तिने ती कधी शोधली नव्हती. आत्ता तिला कळलं की ही शांतता नव्हती. पाठीमागे काचेपलीकडे ती पोरगी एकामागून एक आवाज सोडत होती आणि ते सगळे इथे, ह्या खोपट्यात, तोफेच्या डोक्याशी येऊन परत जात होते. ठोक्याची तिला सवय होती. किती वेळाने एकेक आवाज सुटतो तो अंदाज तिला एव्हाना आला होता. तेवढं मोजून दाबलं असतं तर निम्मे तरी बरोबर आले असते. अठ्ठावीस वर्षांचा हात होता, तो स्वतःहून ताल धरायला बघत होता.

तिने अंगठा बटणावरून उचलला आणि मुठीबाहेर ताठ धरून ठेवला. आलं तरच दाबायचं. नाही आलं तर नाही. त्या खुर्चीत ती जितकी हट्टाने गप्प बसली तितकी ती जन्मात कुठे बसली नव्हती.

नंतर पोरीने कानामागच्या हाडावर एक चिमटा लावून तेच पुन्हा केलं. मग तोंडासमोर जाड पुठ्ठा धरून शब्द म्हटले. वीस शब्दांतले सात आले.

कागदावर दोन रेघा निघाल्या. डावीकडून थोडं सरळ चालायच्या आणि मग अशा कोसळायच्या की जिना उतरताना पुढच्या पायऱ्याच काढून नेल्या आहेत.

"जाड आवाज बरेचसे येतात तुम्हाला. बारीक गेलेत. पाखरांचे, शिट्टीचे, लहान मुलांचे. गेलेले परत येत नाहीत. यंत्राने मदत होईल, पण यंत्र म्हणजे कान नव्हे, हे आधीच सांगते." ती लिहायला लागली. तोफेने वाकून पाहिलं.

"काय लिहिलंस ते? कारण?"

"वयोमानानुसार."

"वय?" जिन्याखालच्या औषधवाल्यापर्यंत आवाज गेला. "माझा नवरा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आहे, त्याला घड्याळाच्या पोटातली टिकटिक ऐकू येते. वय लिहितेस! माग लिही."

"मावशी, मी तिथे नव्हते..."

"मी होते."

पोरीने पेन थांबवलं. रेघांकडे बघितलं, जिथून त्या कोसळत होत्या तिथे बोट ठेवलं. "वयाने जातात ते असे नाही जात," असं ती स्वतःशीच म्हणाली, पण तोफेने ओठ वाचले. मग तिने ते खोडलं आणि लिहिलं, "अनेक वर्षे मोठ्या आवाजात काम केल्यामुळे." खाली सही केली. शिक्का जरा जोरातच मारला.

मंगळवारी तोफेने तो कागद मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. त्याने दोनदा वाचला.

"हे कशाला केलंत बाई? आधीचा चांगला होता."

"तो खोटा होता."

"पण चांगला होता." त्याने कागद परत सरकवला. "आता मला तुम्हाला मागांवर ठेवता येणार नाही. नियम आहे. घडीखात्यात जा, कापडाच्या घड्या घाला."

"अठ्ठावीस वर्षं ठेवलीत."

"तेव्हा कागद नव्हता."

"साहेब, कान तुमच्या शेडमध्ये ठेवून चालले मी. कान तुम्ही ठेवून घेणार आणि मला मागावरून काढणार?"

"उद्यापासून घडीखातं."

तोफ घडीखात्यात गेली नाही. बुधवारी सातला येऊन आपल्या बोळात उभी राहिली आणि चारही माग सुरू केले. मॅनेजर बोळाच्या तोंडाशी येऊन काहीतरी बोलला. तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. न बघितलं की ऐकू येत नाही, ही सोय आता कागदावर होती.

पण समोरच्या बोळातून चिमणीने हात हलवला आणि तिच्याकडे मात्र बघावं लागलं.

"झालं समाधान?" चिमणीचे ओठ रागाने पांढरे पडले होते. "तुला कान नाहीत, ते तुझ्यापाशी ठेव. आमचे कशाला उघडे पाडतेस? ती पोरगी आता सगळ्यांना बोलावणार. माझे तीन माग गेले तर मी काय घड्या घालू?"

"तुझेही कान गेलेत चिमणे."

"गेले असतील. मला कुणी विचारलं नव्हतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं."

"माझी नात पंधरा मिनिटं रडत होती. भिंतीपलीकडे. मी वाटाणे सोलत होते."

शेडमध्ये भांडण लपत नाही. चाळीस बायका मागांवर हात ठेवून ह्या दोघींचे ओठ वाचत होत्या. दीडशे मागांच्या गदारोळात एक अक्षर न उच्चारता ते भांडण सगळ्यांनी ऐकलं. तोफेने मग चिमणीकडचं तोंड फिरवलं आणि सगळ्यांकडे केलं.

"तोंड लाल झालं होतं तिचं. लेक म्हणाली, पोर तुझ्याकडे ठेवणार नाही. मी तिला कागद दाखवला. कागद! आपण कोपर बघून आणलेला. साहेबाला तो कागद आवडतो, कारण त्यात आपलं काही गेलेलं नाही. आपलं गेलंय. मला ते लिहून हवंय. तुम्हाला नको असेल तर राहू द्या. पण मला घडीखात्यात न्यायला कुणी आलं तर उचलून न्यावं लागेल, आणि मी किती किलो आहे ते त्याने आधी पोत्याच्या काट्यावर बघून घ्यावं."

तिसऱ्या बोळातली एक पोरगी हसली. हसू दिसलं, तेवढ्यावरून दोघी-तिघी हसल्या.

बराच वेळ गेल्यावर चिमणीने पुन्हा हात हलवला. तोंड वाकडं करूनच म्हणाली, "परवा बसने हॉर्न दिला म्हणे. मला मागच्या माणसाने दंड धरून ओढलं. घरी नाही सांगितलं." आणि आपल्या मागाकडे वळली.

पुढच्या सोमवारी जिन्यावर नऊ बायका होत्या, सगळ्या रजा टाकून. त्याच्या पुढच्या सोमवारी चौदा, तिसऱ्या सोमवारी तेरा. पोरीने प्रत्येकीची खुर्ची फिरवली आणि जुना कागद फाडून नवा दिला. तीन जणी शेवटपर्यंत गेल्या नाहीत, त्यांना कुणी बोल लावला नाही. बाकी सदतीस कागद मॅनेजरच्या टेबलावर जमले. सगळ्यांत कमी गेलेले कान चिमणीचे निघाले, आणि त्याचा तिला इतका राग आला की तिने पोरीला पुन्हा तपासायला लावलं.

मॅनेजरने हिशेब केला तो सोपा होता. घडीखात्यात टेबलं सहा. सदतीस बायका घड्या घालायला बसवल्या तर घड्या घालायला कापड कोण विणणार? पंधरा दिवस तो वरच्यांशी फोनवर बोलत राहिला. मग एका सकाळी प्रत्येक मागावर कानांत घालायच्या बोंडांची पाकिटं होती, आणि नियमाची पाटी लावली होती, की तपासणी सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी होईल आणि दवाखान्यात होईल. घडीखात्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. सदतीस जणींना यंत्रं मिळायला मात्र दीड वर्ष आणि बरीच तोंडं लागली. त्यांतलं मोठं तोंड कुणाचं होतं ते सांगायला नको.

तोफ यंत्रासाठी थांबली नाही. ज्या बुधवारी तिने चार माग सुरू केले, त्याच दुपारी पाळी सुटल्यावर ती लेकीच्या दारात जाऊन उभी राहिली होती. लेकीने पोरीचं पाळणाघरात नाव नोंदवलं होतं, सोमवारपासून.

"हा घे दुसरा कागद," तोफ म्हणाली. "बहिरी आहे मी. ह्यावरही शिक्का आहे."

लेकीने वाचला.

"आता ऐक. मला ऐकू येत नाही, म्हणजे मी पाठ करणार नाही. स्वयंपाक तू करून ठेव किंवा उपाशी ठेव, त्या चार तासांत मी वाटाणा हातात धरणार नाही. पोर माझ्या डोळ्यांसमोर. ती झोपली की खाटेला पाय लावून बसणार. पाठीमागचे दोन माग मी कानाने नाही ओळखत, तळव्याने ओळखते. थांबला की जमीन सांगते. हिने कूस बदलली तरी कळेल मला. तुझे बाबा घरात असतील तर ते ऐकतील, नसतील तर मी बघीन."

"आई, आणि डोळा लागला तर?"

"अठ्ठावीस वर्षांत मागावर डोळा लागला असता तर तुला दोन हात दिसले नसते माझे." तिने हात पुढे केले. "हवं तर परीक्षा घे. त्या पोरीने घेतली, तूही घे."

लेकीने खरंच घेतली. तीन दिवस ती पोरीला निजवायची, मुकाट जिन्यात जाऊन बसायची आणि दाराच्या फटीतून बघायची. तोफ खाटेच्या लाकडाला अनवाणी तळवा टेकवून बसलेली असायची, नजर पोरीवर. पोरीने तोंड उघडायच्या आधी, नुसते ओठ दुमडले की तिचे हात पुढे जायचे. तिसऱ्या दिवशी पोर रडलीच नाही, तिला रडायला सवड मिळाली नाही.

सोमवारी लेकीने पाळणाघरात जाऊन नाव काढून घेतलं. साडेतीनला पोर आणली, खाटेवर ठेवली, पिशवी खांद्याला लावली. दारापर्यंत गेली आणि परत फिरली. तोफेसमोर येऊन उभी राहिली, तोंड नीट उजेडात धरलं, आणि आवाज न करता, शेडमधल्या बायकांसारखे ओठ मोठे करून म्हणाली, "जाते."

"जा की," तोफ एवढ्या मोठ्याने म्हणाली की पोर दचकली. "टपाल खोळंबलंय लोकांचं."

ते चार तास तिला साडेसहा वर्षं मिळाले, पोर शाळेत जायला लागल्यावरही.

तोफ वारली ती नात सात वर्षांची असताना, अकरा मार्चला, गुरुवारी, सकाळी दहाच्या सुमारास, हृदयाच्या विकाराने. वय साठ. नवरा तिच्यामागे चौदा महिने होता.